वैभवातील भागीदार : मॅकबेथ दांपत्याच्या नात्याचा प्रवास

१६०६ च्या सुमारास लिहिले गेलेले शेक्सपिअरचे ‘मॅकबेथ’ हे नाटक महत्त्वाकांक्षेची शोकांतिका म्हणून ओळखले जाते. वि. वा. शिरवाडकरांनी ‘राजमुकुट’ या नावाने ते मराठीत आणले. त्यातील दांपत्याविषयी एक निकाल सहज दिला जातो : शूर, भला पती बायकोच्या नादाने बिघडला. स्त्रीला आधी दोषी धरणारे निकाल तपासून पाहावेत, हे आम्ही चळवळीत शिकलो. म्हणून हे नाते आम्ही अंकागणिक वाचून पाहिले.

लेडी मॅकबेथ प्रथम रंगमंचावर येते ती पतीचे पत्र वाचत. चेटकिणींचे भाकीत त्याने तिला तातडीने कळवले आहे आणि भावी वैभवातील भागीदार म्हणून तिला संबोधले आहे. राजवधाचा विचार मात्र तिची भेट होण्यापूर्वीच त्याच्या मनाला शिवून गेलेला असतो. पुढे तो माघार घेऊ लागतो, तेव्हा ती त्याच्या पुरुषत्वाला डिवचते. तिचा दोष लहान नाही. डंकनचा खून करून तो रक्ताळलेले खंजीर घेऊन परततो; ते जागेवर ठेवायला तीच जाते. कट दोघांचा, रक्तही दोघांच्या हातांवर.

तिसऱ्या अंकात चित्र पालटते. राणी झालेल्या तिला पतीशी चार शब्द बोलण्यासाठी सेवकाकरवी निरोप धाडावा लागतो. बँकोच्या खुनाची योजना त्याने मारेकऱ्यांशी परस्पर ठरवलेली असते. तिने विचारताच तो लाडाने संबोधून सांगतो, की तुला ठाऊक नसलेलेच बरे. शब्द प्रेमाचे आहेत. कृती मात्र तिला वगळण्याची आहे. मेजवानीत त्याला बँकोचे भूत दिसते, तेव्हाही पाहुण्यांपुढे ती त्याला सावरून घेते. या प्रवेशानंतर दोघे पुन्हा एकत्र रंगमंचावर येत नाहीत. मॅक्डफच्या पत्नीची व मुलांची हत्या हा सर्वस्वी त्याचा निर्णय आहे.

पाचव्या अंकात ती झोपेत चालते, हातांवरचे न दिसणारे रक्त चोळून काढू पाहते, मॅक्डफच्या पत्नीची आठवण काढते. दासी वैद्याला सांगते, की राणी झोपेतच कागदावर काही लिहिते, वाचते आणि मोहोर लावते. पत्राने सुरू झालेला संवाद कुणालाही न पोहोचणाऱ्या पत्रात संपतो. जवळ नसलेल्या पतीचा हात ती मागत असते. तिच्या मृत्यूची वार्ता येते, तेव्हा युद्धात गुंतलेल्या त्याच्यापाशी शोकालाही अवसर उरलेला नसतो.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी सिगाल नावाच्या तरुणाला गृहस्थधर्म सांगितला आहे. माणूस आसक्ती, द्वेष, भय आणि मोह या चार कारणांनी कुमार्गाला जातो, असे त्यात म्हटले आहे. मॅकबेथचा पहिला खून आसक्तीतून घडतो, दुसरा भयातून. त्याच सुत्तात पतीची पाच कर्तव्ये आहेत : पत्नीचा सन्मान करणे, तिचा अवमान न करणे, एकनिष्ठ राहणे, तिच्याकडे अधिकार सोपवणे आणि अलंकार देणे. मॅकबेथ तिला मुकुटापर्यंत सारे देतो. काढून घेतो तो निर्णयातील अधिकार.

१९४२ साली नागपूरच्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते, की पत्नीने पतीची दासी न होता मैत्रीण व्हावे, बरोबरीने उभे राहावे. बरोबरी मॅकबेथ दांपत्यापाशी आरंभी होतीच; नव्हते ते शील. तो कचरला त्या क्षणी खऱ्या मैत्रिणीने त्याचा हात धरून ठेवला असता. धम्मातील मैत्री दुष्कृत्यात साथ देत नाही.

परदेशी आलेल्या आपल्या घरांत खून होत नाहीत. पण कर्ज, नोकरीतील बदल, गावाकडे धाडायची रक्कम यांविषयी ‘तुला कशाला उगाच काळजी’ असे प्रेमाने म्हणून निर्णय परस्पर उरकले जातात. दोघेही कमावतात, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असते, तरीही हे घडते. जोडीदाराला काळजीतून वगळणे म्हणजे हळूहळू नात्यातून वगळणे होय. बरोबरीच्या संसाराला निर्णयातला वाटा आणि शीलाचा पाया, दोन्ही हवेत. यांतले एक जरी नसले, तरी सिंहासनावर बसलेली माणसेही एकमेकांना परकी होतात.