कान शाबूत, तरी धडा अर्धाच

हजेरीला 'हजर' म्हणतो, पण श्रुतलेखनात निम्मे शब्द चुकवितो. प्रश्न विचारला की शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. अशा मुलास आपण चटकन 'मंद' किंवा 'बेफिकीर' ठरवितो. आम्हां शिक्षकांना अशी मुले दरवर्षी भेटतात. त्यांतील कित्येकांची बुद्धी चांगली असते. शिक्षकाचा शब्द त्यांच्यापर्यंत स्वच्छ पोहोचत नाही, एवढेच. ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सभासद बंधुभगिनींचे लक्ष या मुलांकडे वेधावे, असे आम्हांस वाटते.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. वर्गात उघड्या भिंतींवरून परतणारा आवाज त्याची थोडी भर काढतो खरा, पण शब्दात शब्दही मिसळतो. त्यात पंख्याची घरघर, रस्त्यावरील वाहने आणि बेळगावच्या पावसाचा पत्र्यावरील मारा! शिक्षकाचा आवाज गोंगाटापेक्षा सुमारे १५ डेसिबल चढा असावा, असे तज्ज्ञ सांगतात; मागच्या बाकावर तो पुष्कळदा गोंगाटाच्या बरोबरीस येतो. मग स्वर कळतात, व्यंजने बुडतात; 'पान', 'तान', 'कान' एकच वाटू लागतात. मोठी माणसे हुकलेला शब्द संदर्भाने भरून काढतात. लहानांपाशी तेवढी शब्दांची शिदोरी नसते. घरी दखनी व शाळेत मराठी असलेल्या मुलाची ओढाताण तर अधिकच.

श्रवणयंत्र बोलण्याबरोबर जवळचा गोंगाटही वाढविते. म्हणून लांबच्या शिक्षकाचे बोलणे कानाशी आणणारी निराळी योजना आहे. शिक्षकाने तोंडापासून वीतभर अंतरावर लहान मायक्रोफोन लावावयाचा. तो बिनतारी लहरींनी आवाज मुलाच्या श्रवणयंत्राला जोडलेल्या ग्राहकयंत्राकडे धाडतो. कान चांगले असूनही गोंगाटात ज्याला उमजत नाही, त्याच्यासाठी कानावर लावावयाचे हलके ग्राहकयंत्र मिळते. शिक्षक फळ्याशी असो वा दाराशी, आवाज सारखाच पोहोचतो.

मात्र यंत्र आणले म्हणजे काम संपले, असे नव्हे. दुसरा विद्यार्थी उत्तर देईल तेव्हा मायक्रोफोन त्याच्या हाती द्यावा, नाहीतर शिक्षकाने ते उत्तर पुन्हा सांगावे. खाजगी बोलताना तो बंद करावा. रोज चार्जिंग पाहावे. आणि सर्वांत आधी कान तपासावेत. मळ किंवा पडद्यामागे साचलेला द्रव असल्यास प्रथम डॉक्टरांचा उपाय. यंत्र कोणते, हे श्रवणतज्ज्ञांनीच ठरवावे. १९६५ साली स्थापन झालेली म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था अशा तपासणीसाठी प्रसिद्ध आहे. श्रवणयंत्रासाठी केंद्र सरकारची १९८१ पासूनची सहाय्य योजनाही आहे; उत्पन्नाची मर्यादा पाहून पालकांनी अर्ज करावा.

बिनखर्चाचे उपायही थोडे नाहीत. मुलास पुढे, खिडकीपासून दूर बसवावे. बाकांच्या पायांना रबर लावावे. भिंतीवर जाड कापड टांगावे. फळ्याकडे तोंड करून बोलू नये.

आपल्या ट्रस्टने आजवर वह्या-पुस्तके आणि शिष्यवृत्त्या दिल्या. पण पुस्तक हाती असून धडा कानी पडत नसेल, तर ते दान अर्धेच राहते. या वर्षी शाळांतून कानतपासणी व्हावी आणि गरजू मुलांना वापरण्यास देण्यासाठी असा एक संच ट्रस्टने ठेवावा, अशी आमची नम्र सूचना आहे. एखादे मूल 'मंद' म्हणून शाळेतून उठण्यापूर्वी त्याला एकदा नीट ऐकू येऊ द्यावे, हा त्याचा हक्कच आहे.