इबोला : औषधाआधी शिस्त

इबोलाची बातमी आली की 'डॉक्टर, हा रोग हवेतून पसरतो का?' असे रुग्ण मला हमखास विचारतात. नाही. रोग्याचे रक्त, उलटी, जुलाब यांच्याशी थेट संपर्क आल्याने तो पसरतो. लक्षणे दिसण्यापूर्वी रोगी तो पसरवत नाही. धोका सर्वाधिक असतो तो शुश्रूषा करणाऱ्यांना आणि प्रेताला आंघोळ घालणाऱ्या आप्तांना.

१९७६ साली झाईरमधील (आताचे काँगो) यांबुकू गावात ही साथ आली. तेथील मिशन रुग्णालयात रोज सकाळी परिचारिकांना पाचच सिरिंज मिळत. त्या प्रत्येक रुग्णानंतर उकळल्या जात नसत. या साथीत ३१८ जणांना लागण झाली, २८० दगावले. रुग्णालयातील १७ पैकी ११ कर्मचारी मृत्युमुखी पडले आणि रुग्णालय बंद करावे लागले. तेव्हा लस नव्हती, औषध नव्हते. तरीही सुया थांबल्या, रोगी वेगळे ठेवले गेले आणि साथ आटोक्यात आली.

२०१४ ते २०१६ या काळात पश्चिम आफ्रिकेत अकरा हजारांहून अधिक बळी गेले. प्रेते परस्पर नेली जाताच लोक रोगी लपवू लागले. नातेवाइकांना सुरक्षित अंतरावरून प्रार्थना करू दिली, तेव्हा सहकार्य वाढले. संपर्कातील माणसांवर २१ दिवस लक्ष ठेवले जाते. आता लसही आहे. पण विश्वास नसेल तर ती टोचून कोण घेणार?

वाचकहो, दूषित सुईने 'ब' प्रकारची कावीळही पसरते. म्हणून इंजेक्शन घेताना सुई नवी आहे ना, हे निःसंकोच विचारा.