इमा कैथेल: अशांत मणिपुरातला बायकांचा बाजार

मैत्रिणींनो, आठवडी बाजारात दिवसभर उन्हात बसते बाई, पण जागेची पावती पुष्कळदा फाडली जाते घरच्या पुरुषाच्या नावाने. सगळं सुरळीत असतं तोवर याचं काही वाटत नाही. दंगल झाली, रस्ते बंद पडले, गाव सोडायची वेळ आली, की मग कळतं धंदा नेमका कोणाचा होता ते. म्हणून आज मणिपूरची गोष्ट सांगते.

मणिपूरची राजधानी इंफाळ. तिथे 'इमा कैथेल' म्हणून मोठा बाजार आहे. इमा म्हणजे आई, कैथेल म्हणजे बाजार. तीन हजारांहून जास्त विक्रेत्या, आणि सगळ्या बायकाच! पुरुषाने गिऱ्हाईक म्हणून यावं, हमाली करावी, पण विकायला बसायचं नाही. पूर्वी राजाच्या काळी पुरुषांना दर चाळीस दिवसांतले दहा दिवस सरकारी वेठीला जावं लागे. शेती आणि बाजार बायकांनी सांभाळला, तो हातचा सोडला नाही. बसायची जागा आईकडून लेकीकडे किंवा सासूकडून सुनेकडे जाते. लग्न न झालेल्या बाईला मात्र रूढीने जागा मिळत नाही, हे काही मला पटत नाही.

भांडवलासाठी तिथे 'मारूप' असतो. म्हणजे आपली भिशीच. या एकीच्या जोरावर 1939 साली, तांदूळ बाहेर पाठवल्यामुळे भाव भडकले तेव्हा, याच बायका इंग्रज अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. त्या लढ्याला 'नुपी लान', बायकांची लढाई, म्हणतात.

मग 3 मे 2023 ला मैतेई आणि कुकी समाजांत हिंसाचार पेटला. साठ हजारांच्या आसपास माणसं घरातून उठली. संचारबंदी लागली, बाजार बंद. सूट मिळे ती काही तासांची. तेवढ्यात माल आणायचा, विकायचा, घर गाठायचं. महामार्ग अडवले गेले, बाहेरून येणारा माल महागला. मोबाईलचं इंटरनेट कित्येक महिने बंद होतं. फोनवरून पैसे घेणारीची पंचाईत झाली, गल्ल्यात रोख असेल तिचंच चाललं.

घर सोडून निघालेल्या बाईचा हिशेब तर आणखी वेगळा. माग मागे राहिला, माल जळाला. उधारी कोणाकडे मागायची? गिऱ्हाईकच पांगलं. भिशीतल्या बायका दहा ठिकाणी गेल्या की भिशी तरी कशी चालणार? कर्ज मात्र जागच्या जागी. बरोबर आली ती फक्त हातातली कला. निवारा छावण्यांत बायका विणायला बसल्या, क्रोशाच्या बाहुल्या करू लागल्या. पण सूत आणायला पैसा लागतो आणि विकायला बाजार. नुसतं 'प्रशिक्षण दिलं' म्हणून भागत नाही, हे आपल्याला काय कोणी वेगळं सांगायला हवं?

आपल्याकडे 2019 च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडच्या बायकांनी पाण्यात गेलेलं घर पाहिलं आहे. तेव्हा पुढच्या बैठकीत एवढं करा: उद्यम नोंदणी, जागेची पावती, मशीनचं बिल आणि विमा कोणाच्या नावावर आहे ते प्रत्येकीने बघा. झेरॉक्सचा एक संच ग्रामसंघाच्या दप्तरात ठेवा. भरपाई मागायला गेलं की साहेब कागद विचारतो, कष्ट विचारत नाही.

इंफाळहून कुकींचं चुराचांदपूर जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटर. 2023 नंतर मधल्या पट्ट्यात सुरक्षा दलांचा पहारा बसला. इकडच्या मैतेई बाईचं तिकडे जाणं थांबलं, तिकडच्या कुकी बाईचं इंफाळला माल घेऊन येणं थांबलं. मागावर विणायचं दोघींनाही येतं.