तिसरी किल्ली कोणाची?

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमधली गोष्ट. साताऱ्यातल्या आमच्या घराची माडी आम्ही भाड्याने देतो. त्या वर्षी तिथे तीन मुली राहायला आल्या. दोघी दवाखान्यात नोकरीला, तिसरी कॉलेजात. सामान लावून झाल्यावर त्यांतली एक संध्याकाळी खाली आली आणि म्हणाली, "चाची, किल्ल्या दोनच आहेत आणि आम्ही तिघी. ड्युटीच्या वेळा वेगवेगळ्या. आणखी एक मिळेल का?"

मुलांच्या अब्बांनी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता उत्तर दिले, "दोन दिल्यात ना? तिसरी त्यांनी करून घ्यावी." मीही मान हलवली. मुलगी गुपचूप परत गेली.

त्याच आठवड्यात सांगलीहून लेकीचा फोन. जावयाची नोकरी तिकडे, त्यामुळे ती कित्येक वर्षे भाड्याच्याच घरात आहे. नुकतीच विश्रामबागच्या बाजूला नवे घर घेऊन राहायला गेली होती. "अम्मी, या मालकांनी दोनच किल्ल्या दिल्या. सासूबाई कराडहून दर महिन्याला येतात, त्यांच्यासाठी एक मागितली तर म्हणतात, तुमची तुम्ही करा. एवढे भाडे घेतात आणि साठ रुपयांची किल्ली देववत नाही!" मी तिच्या बाजूने त्या मालकांना बरेच काही बोलले. फोन ठेवला आणि माडीवरून त्या मुलींच्या बोलण्याचा आवाज आला. मग मात्र मला माझीच लाज वाटली.

साठ रुपयांसाठी लेख कशाला, असे कोणी म्हणेल. पण भाड्याच्या घरात मी जी भांडणे पाहिली, त्यांतली निम्मी अशाच रकमांवरून सुरू झाली आणि पुढे माणसाच्या नियतीपर्यंत गेली. शिवाय किल्ली म्हणजे नुसता पितळेचा तुकडा नव्हे. ती ज्याच्या हातात, तो आपल्या घरात कधीही येऊ शकतो.

आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. जुन्या घरांना कडी-कोयंडा असे. भाडेकरू येताना स्वतःचे कुलूप आणायचा, जाताना काढून न्यायचा. कुलूप त्याचे, किल्ल्या त्याच्या, हरवल्या तर खर्चही त्याचा. मालकाकडे किल्ली असण्याचे कारणच नव्हते. आता लॅच आले, दाराच्या आतच बसवलेली कुलपे आली. हे कुलूप भाडेकरू घेऊन जात नाही, ते घराचा भाग असते. मग त्याच्या किल्ल्याही घराच्याच. मला तरी सगळ्या वादाची उकल इथेच दिसते. घर राहण्यायोग्य करून देणे मालकाचे काम असेल, तर ठरलेली माणसे त्या घरात ये-जा करू शकतील एवढ्या किल्ल्या देणेही त्याचेच काम. तीन मुलींना जागा दिली, भाडे तिघींचे धरले आणि किल्ल्या दोन दिल्या, हा आमचा हिशेब चुकीचाच होता. सांगलीच्या मालकांचा मात्र चुकला नव्हता. लेक आणि जावई दोघे, किल्ल्या दोन. सासूबाईंसाठीची तिसरी ही सोय होती, आणि आपल्या सोयीचा खर्च आपणच करावा. हे मी लेकीला सांगितले तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

कायद्यात काय आहे तेही पाहिले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा. त्यात किल्लीचा वेगळा उल्लेख नाही. कलम १४ सांगते की, उलट काही ठरलेले नसेल तर जागा राहण्यायोग्य ठेवण्याची, दुरुस्तीची जबाबदारी मालकाची. केंद्र सरकारने २०२१ साली नमुना भाडेकरार कायदा राज्यांपुढे ठेवला, त्यात दुरुस्तीच्या कामांची वाटणीच करून दिली आहे. रंगरंगोटी, पाण्याचे पाइप, वायरिंग मालकाकडे. नळाचा वॉशर, बटणे, खिडकीच्या काचा आणि दारा-कपाटाच्या मुठी व कुलपे बदलणे भाडेकरूकडे. हा नुसता नमुना आहे, राज्याने आपला कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. पण त्याचा रोख समजून घेण्यासारखा आहे. राहता राहता जे झिजते, बिघडते, ते राहणाऱ्याने पाहावे. सुरुवातीला हातात काय द्यायचे, हा मुद्दा वेगळा.

खरे तर आपण जे अकरा महिन्यांचे करार करतो, ते बहुतेक लिव्ह अँड लायसन्सचे असतात. त्यात जे लिहिले त्याला महत्त्व. आणि नेमके किल्ल्यांबद्दल कोणी लिहीत नाही. पंखे किती, ट्यूबलाइट किती, गिझर चालू की बंद, सगळे येते. किल्ल्या किती दिल्या हे येत नाही. करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने मालकावर टाकली आहे. नोंदणी केली नाही तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. "आपल्यात कशाला कागद" म्हणणाऱ्या घरमालकांनी हे लक्षात ठेवावे. आमचाही पहिला भाडेकरू कागदाविनाच होता. ओळखीतला होता, एवढेच कारण.

आपल्याकडच्या जुन्या फुकहांनी हा विषय आपल्यापेक्षा बारकाईने पाहिला आहे. हनफी फिकहमध्ये कुलूपबंद घराची किल्ली हाती देणे म्हणजे घराचा ताबा देणे. भाड्याने घेतलेली वस्तू भाडेकरूच्या हातात अमानत असते. त्याने हलगर्जीपणा किंवा गैरवापर केला नसेल, तर आपोआप झालेल्या नुकसानीची भरपाई त्याच्यावर येत नाही. आणि अमानत म्हटले की सूरह अन्-निसाची ५८ वी आयत आठवतेच. ज्याची अमानत त्याला पोचवा, हा तिचा आदेश आपण हजारदा ऐकतो. पण ती कोणत्या प्रसंगी उतरली असे मुफस्सिरीन सांगतात, हे किती जणींना ठाऊक आहे? मक्का विजयाच्या वेळी, हिजरी सन ८ मध्ये, काबागृहाची किल्ली उस्मान बिन तलहा यांच्याकडून घेतली गेली. ती आपल्याकडे असावी अशी इतरांचीही इच्छा होती. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती परत उस्मान यांच्याच हाती दिली. आजही ती त्यांच्याच बनू शैबा घराण्याकडे आहे. लहानपणी अब्बांच्या तोंडून हा किस्सा ऐकला होता तेव्हा मला त्यात फक्त मोठेपणा दिसला. आता घरमालकीण झाल्यावर त्यातली किल्ली दिसते.

आता मालकाने स्वतःजवळ ठेवलेल्या किल्लीबद्दल. हा विषय साठ रुपयांचा नाही.

विश्रामबागच्या घरात लेक राहायला गेली त्याला पाचेक महिने झाले असतील. दुपारची वेळ, जावई कामावर, ती जोहरची नमाज पढत होती. बेल वाजली. नमाज सोडून उठता येईना. दोन-तीनदा वाजून बेल थांबली आणि दार उघडल्याचा आवाज आला. सलाम फेरून ती बाहेर येते तो मालक आणि त्यांच्यासोबत एक प्लंबर बैठकीच्या खोलीत उभे. खालच्या मजल्यावर छत गळत होते, घरात कोणी नाही असे समजून ते आपल्याजवळच्या किल्लीने आत आले होते. मनात वाईट काही नव्हते. वयस्कर गृहस्थ, तिला "बेटी" म्हणणारे. पण ती इतकी घाबरली की संध्याकाळपर्यंत हात थरथरत होते. त्यांच्याकडे किल्ली आहे, हेच तिला ठाऊक नव्हते.

परवानगी घेतल्याशिवाय, सलाम केल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात जाऊ नका, हे सूरह अन्-नूरच्या २७ व्या आयतीत आहे. भाड्याने दिलेले घर राहणाऱ्यासाठी "त्याचे" घर असते, मालकीचा कागद कोणाच्याही नावावर असो. भाडे नियंत्रण कायद्याचे कलम २८ मालकाला जागा पाहण्याचा हक्क देते, पण आधी कळवून आणि योग्य वेळी. २०२१ च्या नमुना कायद्यात तर किमान २४ तास आधी कळवावे आणि सूर्यास्तानंतर ते सूर्योदयापूर्वी जाऊ नये, असे आहे. जर्मनीत भाडेकरूच्या संमतीशिवाय मालकाला किल्ली स्वतःजवळ ठेवताच येत नाही, सगळ्या किल्ल्या द्याव्या लागतात.

तिचे अब्बा सांगलीला गेले. भांडायला नाही, बोलायला. चहा झाला, मालकांनी स्वतःच दोनदा माफी मागितली. पण गळती, शॉर्टसर्किट, गॅस, अशा वेळी काय करायचे, हा त्यांचा प्रश्नही खोटा नव्हता. शेवटी असे ठरले की मालकांची किल्ली एका लखोट्यात घालायची, तो चिकटवून जोडावर जावयाने सही करायची आणि लखोटा समोरच्या काकूंकडे ठेवायचा. संकटात फोडावा, फोडला तर लगेच फोन करावा. तो लखोटा पुढे कधीच फोडावा लागला नाही.

बाहेर एक किल्ली असावी, हे मात्र मी ठामपणे सांगते, आणि त्याचे कारण २०१९ चा महापूर आहे. तेव्हा लेक सांगलीतच, पण नदीकडच्या भागात तळमजल्यावर राहायची. बकरी ईद १२ ऑगस्टला होती, त्यासाठी ती आठवडाभर आधीच मुलांना घेऊन साताऱ्याला आली होती. जावई पाठोपाठ आले. मग पाऊस थांबेचना. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. परतीचे रस्ते बंद. घराला कुलूप, मालक पुण्यात. पण निघताना लेकीने शेजारच्या भाभींकडे एक किल्ली देऊन ठेवली होती, झाडांना पाणी घालण्यासाठी! त्या भाभींनी आणि त्यांच्या मुलांनी पाणी गल्लीत शिरण्याआधी आमचे कपाटातले कागद, शिलाई मशीन, गाद्या आणि धान्याचे डबे माडीवर नेले. फ्रिज गेला, पलंग गेला. कागद वाचले. भाभींचे स्वतःचे सामान तोवर निम्मेच हलले होते, हे आम्हाला नंतर कळले. ती किल्ली लेकीने स्वतःच्या पैशाने केली होती. त्या पैशांचा हिशेब तिने कधी कोणाकडे मागितला नाही.

हरवलेल्या किल्लीची गोष्ट सर्वांत नाजूक. गेल्या वर्षी लेकीने विश्रामबागचे घर सोडले. किल्ल्या मोजल्या तर दोनच निघाल्या. सासूबाईंची किल्ली एसटीत पडली होती. मालकांनी डिपॉझिटमधून १,८०० रुपये कापायचे म्हटले, नवे कुलूप बसवण्यासाठी. जावई म्हणाले, किल्ली साठ रुपयांची, साठ घ्या. दोघेही तापले.

माझ्या मते दोघेही चुकत होते. हरवलेली किल्ली साठ रुपयांची नसते. ती कोणाच्या हाती आहे हे माहीत नसते, आणि पुढच्या भाडेकरूला मालक काय सांगणार? पण त्यासाठी पूर्ण कुलूप बदलावे लागत नाही. अशा बऱ्याच कुलपांचे आतले सिलिंडर तेवढे बदलता येते, नव्या किल्ल्या त्याच्यासोबत येतात. चावीवाल्याला बोलावले, त्याने ४५० रुपयांत काम केले, पावती दिली. तेवढेच कापले गेले. इंग्लंडमध्ये २०१९ च्या भाडेकरू शुल्क कायद्याने असेच केले आहे. मालकांनी भाडेकरूंकडून नाना शुल्के उकळण्यावर बंदी आणली, पण हरवलेल्या किल्लीचा खर्च घेऊ दिला. तोही वाजवी आणि पुराव्यासह. हलगर्जी नसेल तर भरपाई नाही, हा फिकहचा मुद्दा मी लेकीला सांगितला होता. ती म्हणाली, "अम्मी, हलगर्जी झाली की नाही हे सासूबाईंना कोण विचारणार? ४५० देऊन टाकते."

किल्ली वापरून झिजली, कुलपात तुटली, तर मात्र तो खर्च मालकाचा धरावा, असे मला वाटते. मुलांचे अब्बा याला अजून तयार नाहीत. त्यांचे म्हणणे, किल्ली तुटते ती ढकलाढकली केल्याने. कुलपात वर्षातून एकदा ग्रॅफाइटची पूड घातली तर ही वेळ येत नाही, हे त्यांनीच मला शिकवले. माडीच्या कुलपात ती घालायची कोणी, हे अजून ठरलेले नाही.

आमच्या करारात आता चार ओळी जास्त असतात. किल्ल्या किती दिल्या, राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला एक. जादा किल्ली भाडेकरूने आपल्या खर्चाने करावी, पण केल्याचे सांगावे. हरवली तर सिलिंडरचा खर्च पावतीप्रमाणे. जाताना सगळ्या परत, करून घेतलेल्याही. मालकाकडे किल्ली आहे की नाही, असेल तर कुठे, हेही लिहितो. किल्ल्या देताना त्यांचा एक फोटो काढून दोघांच्या मोबाइलवर ठेवतो.

त्या तीन मुलींना तिसरी किल्ली मी दुसऱ्याच दिवशी करून दिली होती. या मे महिन्यात त्या गेल्या. जाताना मोठीने माझ्या हातावर किल्ल्या ठेवल्या, तर त्या चार होत्या. चौथी कधी केली, विचारले. "चाची, पहिल्याच दिवशी. तुमच्याकडून नाही मिळाली म्हणून त्याच रात्री करून आणली. मग तुम्ही दिलीत, तेव्हा सांगायला लाज वाटली." मुलांचे अब्बा उठले, खुंटीवरच्या सदऱ्यातून पाकीट काढले आणि साठ रुपये तिच्यापुढे धरले. ती घेईना. बऱ्याच आग्रहानंतर तिने पन्नास घेतले आणि वरच्या दहाचे मला गजरा आणायला सांगितले.