वर्षभर सोबत केलेल्या चार ध्वनिमुद्रिका

संगीताची आवड असलेल्या माणसाला वर्षअखेरीस एक प्रश्न हमखास विचारला जातो : 'यंदा तुम्हांला कोणत्या ध्वनिमुद्रिका सर्वांत अधिक आवडल्या?' माझे उत्तर ऐकून विचारणाराची बहुधा निराशा होते. कारण मी सांगतो त्या चारही ध्वनिमुद्रिका जुन्या आहेत. पण त्या मी खऱ्या अर्थाने ऐकल्या त्या मात्र गेल्याच वर्षी.

गेल्या वर्षी माझे वडील निवर्तले. बेळगावचे भाड्याचे घर रिकामे करावयाचे होते. भांडीकुंडी, पुस्तके, कपडे यांची वाटणी झाली आणि अखेरीस तबकड्यांची एक लाकडी पेटी तेवढी उरली. ती घेण्यास कोणी पुढे आले नाही, म्हणून ती माझ्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडी आली. मी ठरविले की, प्रत्येक तबकडी एकदा तरी पुरती ऐकावी आणि मगच ती ठेवावी की द्यावी याचा निर्णय करावा. या कामाला सबंध वर्ष लागले. बहुतेक तबकड्या मी येथील एका गायनवर्गाला दिल्या. चार मात्र देववल्या नाहीत. त्या का देववल्या नाहीत, हेच आज सांगावयाचे आहे.

त्याआधी 'अल्बम' या शब्दाविषयी थोडेसे. लॅटिन भाषेतील या शब्दाच्या मुळाशी 'पांढरा' असा अर्थ आहे. ज्यावर काही लिहावयाचे ती पांढरी पाटी म्हणजे अल्बम. पुढे छायाचित्रे लावण्याच्या वहीला हे नाव मिळाले. मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी दहा इंची तबकडी एका बाजूस सुमारे तीनच मिनिटे वाजे. त्यामुळे एखादी मोठी रचना पाचसहा तबकड्यांवर विभागावी लागे, आणि त्या तबकड्या वहीसारख्या बांधलेल्या कागदी पाकिटांत घालून विकल्या जात. म्हणून त्या संचाला 'अल्बम' म्हणू लागले. १९४८ साली अमेरिकेत मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ तबकडी निघाली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. वही गेली, पण नाव राहिले. एका बैठकीत, एका क्रमाने ऐकावयाची वस्तू, हा त्या नावाचा अर्थही राहिला.

पहिली ध्वनिमुद्रिका याच जुन्या काळातली आहे. स्पेनचे पाब्लो कासाल्स यांनी योहान सेबास्तिअन बाख याच्या सहा चेलो-रचना १९३६ ते १९३९ या काळात मुद्रित केल्या. चेलो म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवावयाचे, खर्जाच्या आवाजाचे, व्हायोलिनच्या घराण्यातील वाद्य. कासाल्स तेरा वर्षांचे असताना, १८९० साली, बार्सिलोनातील एका जुन्या दुकानात या रचनांची छापील प्रत त्यांना मिळाली. लोक त्या काळी या रचनांना सरावाचे धडे समजत. कासाल्स यांनी त्यांचा जवळजवळ एक तपभर रोज अभ्यास केला आणि नंतरच त्या लोकांपुढे वाजविल्या. आपल्याकडच्या रियाझाच्या गोष्टी ऐकलेल्या माणसाला यात परके असे काही वाटणार नाही.

या संगीताला साथ नाही; एकच वाद्य आहे. पण बाखची युक्ती अशी की, तो एकाच ओळीत खालचा आणि वरचा असे सूर आलटून पालटून घेतो. खालचा सूर थांबला तरी तो आपल्या कानात राहतो आणि वरच्या सुराशी बोलू लागतो. एक माणूस वाजवीत असतो आणि आपण दोघातिघांचा संवाद ऐकत असतो. अर्धे संगीत श्रोत्याच्या कानाने पुरे करावयाचे असते. म्हणून हातात दुसरे काम घेऊन ते ऐकता येत नाही.

दुसरी ध्वनिमुद्रिका १९६७ सालची 'कॉल ऑफ द व्हॅली'. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काबरा आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. तिचे निर्माते जी. एन. जोशी हे मराठी भावगीताच्या आरंभकाळातील गायक, ही गोष्ट आपण मराठी माणसांनी विसरू नये. काश्मीरच्या दरीतील एका मेंढपाळाचा दिवस हा तिचा विषय. पहाटेच्या अहिर भैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत राग प्रहरांच्या क्रमाने येतात. म्हणजे वेळेचा जो नियम आपण शास्त्र म्हणून शिकतो, त्याचीच येथे कथा झाली आहे.

ही तीन वाद्ये एकत्र का शोभतात, याचा मी पुष्कळ विचार केला. संतूरच्या तारांवर लाकडी कलमांनी आघात करतात. सूर उमटतो आणि विरतो. गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून कांब सरकवतात. त्यामुळे एक सूर दुसऱ्यात घसरत जातो. बासरीचा सूर श्वास पुरेल तितका अखंड टिकतो. तुटणारा, घसरणारा आणि टिकणारा अशा तीन प्रकृतींचे सूर एकमेकांची उणीव भरून काढतात. संतूरवर मींड निघत नाही म्हणून शास्त्रीय संगीतात त्याला जागा नाही, असा आक्षेप त्या काळी घेतला जाई. त्याचे उत्तर या तबकडीवर वादाविना मिळते.

तिसरी ध्वनिमुद्रिका केसरबाई केरकर यांच्या जुन्या तीन-तीन मिनिटांच्या गाण्यांची. गोव्यातील फोंडा महालातल्या केरी गावी १८९२ साली त्यांचा जन्म झाला. अल्लादियाखाँसाहेबांची तालीम त्यांना अनेक वर्षे लाभली. तासभर चालणारा ख्याल तीन मिनिटांत बसवावयाचा म्हणजे काय टाकावयाचे आणि काय राखावयाचे, हे गायकाला आधीच ठरवावे लागे. केसरबाईंनी विस्तार आखडला. पण सुराचा भरीवपणा आणि दमाची लांबी यांना कात्री लावली नाही. घाई कोठेच जाणवत नाही. तीन मिनिटेही पुरेशी असतात, हे त्या तबकड्या ऐकून कळते.

त्यांची एक भैरवी १९७७ साली अमेरिकेने अंतराळात सोडलेल्या दोन्ही 'व्हॉयेजर' यानांवर आहे. सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर जगातील सत्तावीस संगीतखंड कोरले, त्यांत भारताचा हा एकच. दुसरे यान ५ सप्टेंबरला निघाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. त्याच तबकडीवर बाखच्याही तीन रचना आहेत. माझ्या पेटीत जे दोघे शेजारी होते, ते तेथेही शेजारी आहेत.

चौथी ध्वनिमुद्रिका अमीरखाँसाहेबांची, १९६० सालची. एका बाजूस मारवा, दुसऱ्या बाजूस दरबारी. इंदुरात वाढलेल्या या गायकाने अतिविलंबित लयीला जे गांभीर्य दिले, ते या तबकडीइतके क्वचितच कोठे सापडेल. मारव्यात पंचम नाही. कोमल ऋषभ आणि शुद्ध धैवत यांच्याभोवती गाणे फिरत राहते आणि षड्ज, म्हणजे सुरांचे घर, पुनःपुन्हा लांबणीवर पडतो. दिवस मावळताना माणसाच्या मनात जी हुरहूर असते, ती या टाळाटाळीतून उत्पन्न होते. आणि खाँसाहेब अखेरीस षड्जावर येतात तेव्हा वाट पाहिल्याचे सार्थक होते. दरबारीत उलट आहे. तेथे सारे वजन मंद्र सप्तकात, आणि आंदोलन घेणारा कोमल गंधार म्हणजे जणू खोल पाण्यावरची लाट.

या तबकडीला मी एकदा अपाय केला आहे. रविवारची मिस्सा आटोपून घरी आलो की वडील एक तबकडी लावीत आणि ती संपेपर्यंत कोणी बोलावयाचे नाही असा दंडक होता. मला तो जाच वाटे. महिन्याच्या पगारातून असल्या गोष्टींवर पैसे जातात याचाही राग असे. एके दिवशी मारव्याची तबकडी मी गच्चीवर उन्हात विसरलो. की मुद्दाम ठेवली, हे आता मला प्रामाणिकपणे सांगवत नाही. ती वाकली. वडील मला काहीच बोलले नाहीत.

वडिलांना वेष्टनाच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने खरेदीची तारीख लिहिण्याची सवय होती. पेटीतील बहुतेक तारखा त्यांच्या तरुणपणाच्या आहेत. मारव्यावरची मात्र १९९१ ची आहे. त्या वर्षी मी अकरा वर्षांचा होतो. म्हणजे त्यांनी ती पुन्हा विकत घेतली होती आणि मला तिचा पत्ताही लागू दिला नव्हता.

आज हवे ते गाणे खिशातल्या यंत्रावर क्षणात मिळते, आणि ही गोष्ट वाईट नव्हे. या चारही ध्वनिमुद्रिका आपणांस तेथे सापडतील. परंतु माझ्या वर्गातील मुले एक गाणे अर्ध्यावर सोडून दुसऱ्याकडे वळतात, तेव्हा मारव्यातला षड्ज त्यांच्या वाट्याला येत नाही, याचे मला वाईट वाटते. म्हणून आता महिन्यातील एका शनिवारी, शाळा सुटल्यावर, ज्यांना थांबावयाचे असेल त्यांच्यासाठी मी तबकडीची एक बाजू लावतो. गेल्या खेपेस सातजण थांबले. न बोलण्याचा दंडक मी घातलेला नाही. पण दुसऱ्या खेपेपासून ती आपली आपणच गप्प बसू लागली आहेत.