भिंतीने परत दिलेला उजेड

दिवसा खोलीत उजेड येतो तो तीन वाटांनी. पहिली वाट खिडकीतून दिसणाऱ्या आकाशाची. दुसरी समोरच्या इमारतीवर आपटून येणाऱ्या उजेडाची. तिसरी वाट म्हणजे आत शिरल्यावर जमीन, भिंती व छत यांवरून उसळत खोलीभर पसरणारा उजेड. खिडकीशी बसणाऱ्याला पहिल्या वाटेची चैन असते. पण खोलीच्या टोकाला, जिथून आकाश दिसतच नाही तिथे, शिवणयंत्रावर वाकलेली बाई किंवा पुस्तक उघडून बसलेले पोर यांचा बहुतेक आधार तिसऱ्या वाटेवर असतो. हा तिसरा उजेड हिशेबाने काढता येतो, आणि तो हिशेब कामकरी माणसाने शिकून घ्यावा असे माझे म्हणणे आहे.

आधी तत्त्व पाहू. समजा, खोलीत १०० रुपयांचा उजेड आला आणि तिची पृष्ठे सरासरीने शेकडा ६० परत देतात. प्रथम ६० परत आले. ते दुसरीकडे पडले, त्यातले ३६ परत आले, मग २१.६, असे चालत राहते. साऱ्या परतीची बेरीज भरते १५०. आता भिंती काळवंडल्या आणि परतावा शेकडा २८ वर आला. मग २८, ७.८, २.२ अशी घसरण होते व बेरीज जेमतेम ३९ भरते. परतावा निम्म्याच्या आसपास आला, पण उजेड चौथाईच्या आसपास आला! भिंत मळते त्यापेक्षा खोली जास्त अंधारते, याचे कारण हे.

हे तत्त्व व्यवहारात आणणारे सूत्र १९५४ साली इंग्लंडमधील इमारत संशोधन केंद्राच्या हॉपकिन्सन, लाँगमोर व पेथरब्रिज या तिघांनी मांडले. त्यांनी आत येणाऱ्या उजेडाचे दोन भाग केले. आकाशाकडून येणारा उजेड खाली, म्हणजे जमिनीवर व भिंतींच्या खालच्या भागावर पडतो. बाहेरच्या जमिनीवरून उसळलेला वर, छतावर व भिंतींच्या वरच्या भागावर पडतो. खालचा व वरचा भाग खिडकीच्या मध्यावर वेगळा होतो. खिडकीच्या भिंतीवर हा उजेड प्रथम पडत नाही, म्हणून या दोन भागांत ती धरायची नाही. ढगाळ आकाशाखाली उघड्यावर १०० उजेड मानला, तर समोर अडथळा नसलेल्या खिडकीवर आकाशाकडून ३९ व जमिनीकडून ५ पडतो.

रीत अशी : ३९ ला खालच्या भागाच्या सरासरी परताव्याने गुणा, ५ ला वरच्या भागाच्या, दोन्ही मिळवा. त्या बेरजेला काचेच्या क्षेत्रफळाने व ०.८५ ने गुणा, कारण काच इतकाच उजेड आत सोडते. मग १ मधून साऱ्या खोलीचा सरासरी परतावा वजा करा, त्याला जमीन, छत व चारही भिंतींच्या एकूण क्षेत्रफळाने गुणा आणि या गुणाकाराने आधीच्या उत्तराला भागा. जे येईल तो बाहेरच्या उजेडाचा शेकडा भाग.

३ मीटर रुंद, ४ मीटर खोल, ३ मीटर उंच खोली घ्या. रुंदीच्या एका भिंतीत १.५ चौरस मीटर काच असून खिडकीचा मध्य दीड मीटरवर आहे. फरशीचा परतावा ०.२ व काचेचा ०.१ धरा. भिंती व छत ताज्या सफेदीचे, परतावा ०.७, असतील तर उत्तर येते सुमारे १.०८. त्यांच्यावर काजळी चढून परतावा ०.३ झाला तर ०.३१. बाहेर ५,००० लक्स असताना एकीकडे ५४ लक्स, दुसरीकडे १५. ही खोलीची सरासरी झाली. टोकाला याहून कमीच. आपल्याकडील भारतीय मानक २४४० निरभ्र आकाश व ८,००० लक्स धरते, त्यामुळे आकडे बदलतील. पण बोध बदलत नाही.

आता समोर ४० अंशांपर्यंत आकाश झाकणारी इमारत उभी करा. ३९ च्या जागी २० येतात. सफेदीची खोली ०.६३ वर उतरते, काजळीची ०.१८ वर. म्हणजे समोर इमारत असलेली सफेद खोली, मोकळ्या आकाशासमोरच्या काळ्या खोलीहून दुपटीने उजळ! समोरची इमारत आपण पाडू शकत नाही, खिडकी रुंद करणेही भाडेकरूच्या हाती नसते. चुना मात्र परवडतो.

१९४८ च्या कारखाने कायद्याने साध्या भिंतींना दर १४ महिन्यांनी सफेदी किंवा रंगसफेदी सांगितली होती, ती स्वच्छतेच्या कलमात. काचा आतून-बाहेरून साफ ठेवण्याची अट प्रकाशाच्या कलमात होती. वरचे गणित पाहता सफेदीचे कलमही प्रकाशाचेच म्हणावे लागेल. कायदे बदलतात, गणित तेच राहते. मागणीपत्रात "उजेड कमी आहे" एवढेच लिहिले, तर "मला तर सारे दिसते" असे उत्तर मिळते. भिंतींची मापे घेऊन आकडा लिहिला, तर समोरच्यालाही आकड्यानेच बोलावे लागते. एक मोजपट्टी, एक कागद आणि शाळेतला भागाकार एवढ्यावर हे होते. डोळे आपले आहेत, तेव्हा त्यांचा हिशेबही आपणच ठेवला पाहिजे.