भगवान, मास्टर

(१ ऑगस्ट १९१३–४ फेब्रुवारी २००२). हिंदी चित्रपटसृष्टीतील मराठी विनोदी नट, दिग्दर्शक व निर्माते. संपूर्ण नाव भगवान आबाजी पालव. जन्म वऱ्हाडातील अमरावती येथे. वडील मुंबईच्या कापडगिरणीत कामगार असल्याने त्यांचे बालपण दादर-परळच्या कामगार वस्तीत गेले. प्रारंभी त्यांनीही मोलमजुरी केली. तथापि चित्रपटाच्या ओढीने ते मूकपटांत किरकोळ भूमिका करू लागले व त्याबरोबरच चित्रनिर्मितीची विविध अंगे त्यांनी आत्मसात केली.

१९३८ मध्ये ‘बहादुर किसान’ या चित्रपटाच्या सहदिग्दर्शनाने त्यांच्या दिग्दर्शकीय कारकीर्दीस आरंभ झाला. १९४१ च्या ‘वनमोहिनी’ या तमिळ चित्रपटाचेही दिग्दर्शन त्यांनी केले. पुढील दशकात त्यांनी प्रामुख्याने अल्प खर्चाचे साहसपट काढले. अभिजनांनी उपेक्षिलेल्या या चित्रपटांना कामगारवर्गाचा मोठा आश्रय लाभला. १९४२ मध्ये त्यांनी ‘जागृती पिक्चर्स’ ही संस्था स्थापिली आणि १९४७ मध्ये चेंबूर येथे स्वतःचे चित्रपटनिर्मितिगृह उभारले. ‘जंग-ए-आझादी’ (१९४२) च्या चित्रणात त्यांनी मारलेल्या थपडेमुळे अभिनेत्री ललिता पवार यांच्या चेहऱ्यास व डाव्या डोळ्यास कायमची इजा झाली. नायिकेच्या भूमिका दुरावल्याने पुढे त्या चरित्रभूमिकांकडे वळल्या.

साहसपट सोडून सामाजिक चित्रपट काढावा, या राज कपूर यांच्या सूचनेवरून भगवान यांनी ‘अलबेला’ (१९५१) निर्माण केला. निर्मिती व दिग्दर्शन यांबरोबरच नायकाची भूमिकाही त्यांनीच केली. नायिका गीता बाली होत्या. रंगभूमीवर नाव मिळविण्यासाठी घर सोडणाऱ्या गरीब तरुणाची ही कथा. चितळकर ऊर्फ सी. रामचंद्र यांनी पाश्चात्त्य नृत्यसंगीताच्या ठेक्यांचा चतुराईने उपयोग करून बांधलेली व लता मंगेशकर यांच्यासमवेत गायिलेली गीते विलक्षण लोकप्रिय झाली.

भगवान ठेंगणे व स्थूल होते. रूढ अर्थाने नायकास शोभणारे रूप त्यांच्यापाशी नव्हते. त्यांनी या उणिवेचेच विनोदात रूपांतर केले. मोठ्या उड्या वा गिरक्या न घेता, कोपरात वाकविलेले हात डोलवीत व आखूड पावले टाकीत ते नाचत. पाहणाऱ्या कोणासही सहज अनुकरता येईल, असे हे नृत्य होते. लग्नाच्या वरातीत व गणेशोत्सवात ते जनसामान्यांनी आपलेसे केले. अमिताभ बच्चन यांच्यासारख्या पुढील पिढीतील नटांच्या नृत्यशैलीवरही त्याचा ठसा आढळतो.

‘झमेला’ (१९५३) या चित्रपटाला ‘अलबेला’सारखे यश लाभले नाही. ‘भागम भाग’ (१९५६) चे दिग्दर्शनही त्यांचेच. ‘हँसते रहना’ हा चित्रपट अपुराच राहिला. एका चित्रपटाची मिळकत पुढच्या चित्रपटात गुंतविणाऱ्या स्वतंत्र निर्मात्यास अपयश पेलण्यासाठी कोणताच आधार नसे. परिणामी निर्मितिगृह, जुहू येथील बंगला व मोटारी विकून त्यांना दादरच्या चाळीत परतावे लागले. ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) व ‘चोरी चोरी’ (१९५६) यांत त्यांच्या उल्लेखनीय भूमिका आहेत. नंतर मात्र चरितार्थासाठी त्यांना अनेकदा क्षणिक भूमिका स्वीकाराव्या लागल्या. मुंबई येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या जीवनावर ‘एक अलबेला’ (२०१६) हा मराठी चित्रपट निघाला. त्यात मंगेश देसाई यांनी भगवान यांची भूमिका केली.